वाचकांचे प्रश्न : असेंब्ली हलकी करण्याचे काम रात्रपाळीला लावताना

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच अडचण निरनिराळ्या शब्दांत मांडलेली आहे. यंत्रांची त्रिमितीय मॉडेल (अनेक पार्ट जोडून बनलेल्या मॉडेलला असेंब्ली म्हणतात) मोठी होत चालली आहेत, ती उघडण्यात आणि फिरवण्यात डिझाइन विभागाचा दिवस जातो, हलक्या प्रती हाताने करत बसणे परवडत नाही, म्हणून हे काम संगणकाने रात्री आपोआप करून ठेवावे, अशी ही अपेक्षा आहे. ती रास्त असल्यामुळे या अंकात याच विषयावरची निवडक पत्रे संक्षिप्त करून एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही भोसरीत एसपीएम, म्हणजे ठरावीक कामासाठीची खास यंत्रे, बनवतो. ग्राहकाच्या शेडचा पूर्ण लेआउट आम्ही ऑटोडेस्क इन्व्हेंटर या कॅड (संगणकीय आरेखन) सॉफ्टवेअरमध्ये तयार करतो. त्यात दहा-बारा यंत्रे बसतात आणि प्रत्येक यंत्रात दोन ते चार हजार पार्ट असतात. दर आठवड्याला आमचा एक ड्राफ्ट्समन प्रत्येक यंत्राचे श्रिंकरॅप, म्हणजे आतले तपशील गाळलेली हलकी प्रत, करत बसतो. हे काम ठरावीक वेळी आपोआप करून घेता येईल का, आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर : करून घेता येईल, आणि घ्यावेच. इन्व्हेंटरसोबत टास्क शेड्युलर हे वेगळे साधन येते. सॉलिडवर्क्स या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरच्या प्रोफेशनल आणि प्रीमियम आवृत्त्यांतही त्याच नावाचे साधन आहे. दोन्हींमध्ये कोणत्या फायलींवर, कोणत्या वेळी, कोणते काम करायचे हे ठरवून ठेवता येते आणि तयार कामांच्या यादीत आपले काम नसेल तर स्वतः लिहिलेला प्रोग्राम जोडता येतो. इन्व्हेंटरची श्रिंकरॅप ही आज्ञा प्रोग्रामनेही चालवता येते. तेव्हा तांत्रिक अडसर असा काही नाही.

मात्र सुरुवात वेळापत्रकापासून करू नये. आपला ड्राफ्ट्समन श्रिंकरॅप करताना एकेका पार्टकडे पाहून ठरवत असतो की हे बाहेरचे झाकण ठेवायचे, आतली शाफ्ट काढायची, पायाचे छिद्र बुजवायचे नाही. हे सगळे निर्णय आज केवळ त्याच्या डोक्यात आहेत. रात्री चालणारा प्रोग्राम निर्णय घेत नाही. दिलेला नियम तो प्रत्येक यंत्रावर न थकता पाळतो आणि नियमात खोट असली तर तीही तितक्याच इमानदारीने सगळ्या यंत्रांवर उमटवतो. म्हणून आधी त्या ड्राफ्ट्समनच्या शेजारी बसून, दोन-तीन यंत्रे त्याच्याकडून हलकी करून घेत, प्रत्येक निर्णयामागचे कारण कागदावर उतरवावे. नियम तिथूनच हाती लागतील.

नियम लिहिण्यापूर्वी हलके मॉडेल कशासाठी हवे आहे, ते एका ओळीत लिहून काढावे. लेआउटसाठी यंत्राचा बाहेरचा आकार, पाया बसवण्याची छिद्रे, हवा-पाणी-वीज जोडण्याच्या जागा आणि देखभालीसाठी उघडणारी दारे लागतात. ग्राहकाला पाठवायच्या प्रतीत यांतील काही गोष्टी मुद्दाम काढाव्या लागतात. विश्लेषणासाठी लागणारे मॉडेल तर पूर्णपणे वेगळे असते, कारण तिथे बाहेरचे पत्र्याचे झाकण निरुपयोगी ठरते आणि आतली फ्रेम महत्त्वाची असते. एकाच हलक्या मॉडेलकडून ही तिन्ही कामे करून घेण्याचा मोह आवरावा. आपली गरज लेआउटची आहे, तेव्हा पुढचे विवेचन त्याच अंगाने करतो.

आकारावरून पार्ट काढण्याचा पर्याय सगळ्यांना पहिल्यांदा भावतो, कारण एक आकडा भरला की काम होते. हा आकडा म्हणजे पार्टला वेढणाऱ्या काल्पनिक चौकोनी पेटीचा कर्ण. समजा एम१२ × ५० चे ॲलन बोल्ट निघून जावेत अशी आपली इच्छा आहे. त्याच्या डोक्याचा व्यास १८ मिमी आणि डोक्यासह लांबी ६२ मिमी असते, म्हणजे पेटीचा कर्ण सुमारे ६७ मिमी भरतो. मर्यादा ७० मिमी ठेवली की हे बोल्ट गेले. पण ६० मिमी लांबीच्या एम१२ प्रॉक्झिमिटी सेन्सरचा कर्ण सुमारे ६२ मिमी येतो, त्यामुळे बोल्टबरोबर सेन्सरही नाहीसा होतो, आणि लेआउट पाहणाऱ्याला तिथे केबल आणायची आहे हे कळायला मार्ग उरत नाही. ग्रीस निपल आणि ऑइल लेव्हलची काच यांचे तेच होते. ज्या ठिकाणी फिटरचा हात पोहोचला पाहिजे, ती ठिकाणे दाखवणारे पार्ट बहुधा लहानच असतात. आकार पाहून महत्त्व कळत नाही, हे ध्यानात ठेवून आकाराचा नियम शेवटचा ठेवावा.

त्याऐवजी प्रत्येक पार्टच्या आयप्रॉपर्टीजमध्ये, म्हणजे फायलीसोबतच्या माहितीच्या तक्त्यात, स्वतःचा एक रकाना जोडावा आणि त्यात ‘राखा’ किंवा ‘काढा’ एवढाच शब्द लिहावा. बॉट-आउट, म्हणजे बाहेरून विकत घेतलेल्या, पार्टच्या लायब्ररीत हे एकदाच भरायचे असते. सेन्सर, व्हॉल्व्ह, एफआरएल युनिट (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर) आणि कनेक्टर यांना ‘राखा’, आणि बेअरिंग, सर्कलिप व ओ-रिंग यांना ‘काढा’. कंटेंट सेंटरमधून, म्हणजे इन्व्हेंटरच्या तयार पार्टसंग्रहातून, घेतलेले बोल्ट, नट आणि वॉशर त्यांच्या फोल्डरवरून ओळखता येतात. ज्या पार्टबाबत काहीच लिहिलेले नाही, त्यांनाच आकाराची मर्यादा लावावी. लायब्ररी भरण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण या सगळ्या खटाटोपात सर्वाधिक मोबदला देणारे तेच काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

छिद्रांचेही असेच. श्रिंकरॅपमध्ये ठरावीक परिघाच्या मर्यादेतली छिद्रे बुजवता येतात. एम१६ फाउंडेशन बोल्टसाठी १८ मिमीचे छिद्र असेल तर त्याचा परीघ सुमारे ५६.५ मिमी होतो. एम१२ साठीच्या १३.५ मिमी छिद्राचा परीघ सुमारे ४२.४ मिमी. मर्यादा ५० मिमी ठेवली तर पायाची छिद्रे शाबूत राहतात आणि बाकीची बहुतेक बुजतात. आपल्या कारखान्याच्या प्रमाणित बोल्टांवरून हा आकडा काढावा; दुसऱ्या कोणाचा आकडा उसना घेऊ नये.

आता वेळापत्रक. दररोज रात्री सगळी यंत्रे नव्याने हलकी करण्याची गरज नसते, बदललेली यंत्रेच घ्यावीत. पण कोणते यंत्र बदलले हे असेंब्लीच्या फायलीची तारीख पाहून ठरवू नये. आतल्या एखाद्या प्लेटची जाडी बदलली आणि फक्त त्या पार्टची फाइल सेव्ह झाली, तर वरच्या असेंब्लीच्या फायलीची तारीख तशीच राहू शकते आणि प्रोग्राम ते यंत्र न बदललेले समजून पुढे जातो. म्हणून असेंब्लीपासून खालच्या प्रत्येक पार्टपर्यंतची संदर्भांची साखळी उतरत जाऊन तपासणी करावी, आणि तीही तारखेऐवजी रिव्हिजन क्रमांकावरून किंवा फायलीच्या चेकसमवरून (तिच्यातील मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्यावरून) करावी, कारण नव्या आवृत्तीत फायली नुसत्या उघडून सेव्ह केल्या तरी तारखा बदलतात. क्रम खालून वर ठेवावा, म्हणजे आधी सब-असेंब्ली आणि मग यंत्र.

आपल्याकडे व्हॉल्ट या ऑटोडेस्कच्या फाइल-व्यवस्थापन सॉफ्टवेअरची वर्कग्रुप किंवा प्रोफेशनल आवृत्ती असेल, तर घड्याळावर विसंबण्यापेक्षा ड्रॉइंग ‘रिलीज’ स्थितीला जाताच काम रांगेत लावणे अधिक चांगले. त्यासाठी जॉब प्रोसेसर आहे. अर्धवट डिझाइनची हलकी प्रत लेआउटमध्ये पोहोचण्याचा धोका त्याने टळतो. एक शेवटची गोष्ट म्हणजे, जुन्या आवृत्तीत लेव्हल ऑफ डिटेल (काही पार्ट न उघडता असेंब्ली हाताळण्याची सोय) वापरून लिहिलेले प्रोग्राम हाताशी असतील तर ते तपासून घ्यावेत, कारण इन्व्हेंटर २०२२ पासून ती व्यवस्था जाऊन मॉडेल स्टेट्स (एकाच फायलीतली मॉडेलची निरनिराळी रूपे) आली आहेत, आणि कोणत्या मॉडेल स्टेटवरून हलकी प्रत करायची हे प्रोग्रामला स्पष्ट सांगावे लागते.

प्रश्न : चाकणच्या एका पुरवठादार कंपनीत मी काम करते. मी लिहिलेला प्रोग्राम दिवसा समोर बसून चालवला की व्यवस्थित चालतो. तोच विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून रात्री दोनला लावला की सकाळी एकतर काहीच झालेले नसते किंवा सॉफ्टवेअर अर्ध्यावर अडकलेले असते. कारण काय असावे?

उत्तर : आपला प्रोग्राम बहुधा बरोबरच आहे, रात्री त्याला मिळणारी परिस्थिती दिवसापेक्षा वेगळी असते. पुढील कारणे ज्या क्रमाने तपासावीत असे मला वाटते त्याच क्रमाने देतो.

टास्क शेड्युलरमध्ये काम नोंदवताना वापरकर्ता लॉग-ऑन असतानाच चालवावे की नसतानाही चालवावे, असा पर्याय असतो. दुसरा पर्याय निवडला की काम अशा सत्रात चालते जिथे पडदाच नसतो. कॅड सॉफ्टवेअर हे मुळात समोर माणूस बसलेला आहे असे गृहीत धरून बनवलेले असते. त्याला खिडकी उघडायची असते, ग्राफिक्स कार्डाशी बोलायचे असते. पडद्याविना ते पुष्कळदा सुरूच होत नाही किंवा मुकाट थांबते. यासाठी एक वेगळा संगणक आणि त्यावर एक वेगळे वापरकर्ता खाते ठेवून, ते लॉग-ऑन स्थितीत, पडदा लॉक करून सोडावे आणि पहिलाच पर्याय निवडावा.

ड्राइव्हची अक्षरे हे दुसरे कारण. दिवसा आपल्याला झेड ड्राइव्ह दिसतो, कारण तो आपल्या लॉग-इनबरोबर जोडलेला असतो. रात्रीच्या सत्रात तो जोडलेला असेलच असे नाही. प्रोग्राममध्ये ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावापासून सुरू होणारा पूर्ण मार्ग लिहावा. इन्व्हेंटर वापरत असाल तर प्रोजेक्ट फायलीतील मार्गही तसेच तपासावेत. अन्यथा पार्ट सापडत नाहीत आणि पुढच्या मुद्द्यातला प्रसंग ओढवतो.

तो प्रसंग असा : असेंब्ली उघडताना एक पार्ट सापडला नाही, सॉफ्टवेअरने पडद्यावर ‘ही फाइल कुठे आहे?’ असा संवादपट उघडला आणि उत्तराची वाट पाहत ते सकाळपर्यंत थांबले. सकाळी अडकलेले दिसते ते बहुतेक वेळा हेच. इन्व्हेंटरमध्ये सायलेंट ऑपरेशन हा गुणधर्म चालू केला की असे संवादपट दाबले जातात. सॉलिडवर्क्समध्ये फाइल उघडण्याच्या आज्ञेतच सायलेंटचा पर्याय देता येतो. पण नुसते संवादपट दाबून भागत नाही. दाबलेला प्रश्न म्हणजे सुटलेली अडचण नव्हे. पार्ट सापडला नसताना प्रोग्राम पुढे गेला, तर मोटरविना हलके झालेले यंत्र लेआउटमध्ये जाईल. म्हणून फाइल उघडल्यानंतर, श्रिंकरॅपच्या आधी, सगळे संदर्भ सापडले का हे प्रोग्रामने स्वतः तपासावे आणि एक जरी संदर्भ सापडला नसेल तर ती असेंब्ली सोडून, नोंद करून, पुढच्या असेंब्लीकडे वळावे. हलक्या पद्धतीने, म्हणजे पूर्ण भूमिती न वाचता, असेंब्ली उघडली जात नाही ना, हेही इथेच पाहावे.

चौथे कारण स्मरणशक्तीचे, म्हणजे संगणकाच्या रॅमचे. एकाच सत्रात एकामागून एक मोठ्या असेंब्ली उघडून बंद केल्या, तरी व्यापलेली मेमरी पूर्ण मोकळी होत नाही. पहिली चार यंत्रे सुरळीत होतात आणि पाचव्याला सॉफ्टवेअर कोसळते, असे आपल्याकडे होत असेल तर हेच कारण धरावे. उपाय सोपा आहे. प्रत्येक यंत्रानंतर सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून नव्याने सुरू करावे. सुरू होण्यात काही मिनिटे जातात, पण रात्री घाई कोणाला असते! याच संदर्भात अनेकजण जास्त कोअरचा प्रोसेसर घेण्याचा विचार करतात. मॉडेलच्या पुनर्बांधणीचा बराचसा भाग एकाच कोअरवर चालतो, त्यामुळे या कामासाठी कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग आणि भरपूर रॅम यांवर पैसे खर्च करणे शहाणपणाचे.

उरलेल्या गोष्टी किरकोळ वाटल्या तरी रात्र वाया घालवण्यास पुरेशा आहेत : संगणक झोपी जाणे, विंडोज अपडेटने मध्यरात्री तो पुन्हा सुरू करणे, आदल्या रात्रीची फेरी संपलेली नसताना दुसरी सुरू होणे. या तिन्हींसाठी विंडोजमध्ये सेटिंग आहेत. आणखी एक सांगतो, कारण त्याचा फटका मोठा असतो. रात्रीच्या संगणकावरची सॉफ्टवेअरची आवृत्ती इतरांपेक्षा नवी असू देऊ नये. नव्या आवृत्तीत सेव्ह झालेली फाइल जुन्या आवृत्तीत सरळ उघडत नाही, आणि एका रात्रीत सगळ्या हलक्या प्रती नव्या आवृत्तीच्या झाल्या तर सकाळी पूर्ण विभाग अडून बसतो.

प्रश्न : सॉलिडवर्क्समध्ये लाइटवेट, स्पीडपॅक आणि डीफीचर असे तीन मार्ग दिसतात. रात्रीच्या कामासाठी यांतला कोणता घ्यावा?

उत्तर : लाइटवेट ही उघडण्याची पद्धत आहे, तिथे नवी फाइल तयार होत नाही, म्हणून रात्री करण्यासारखे काही नाही. स्पीडपॅक हे त्याच असेंब्लीचे एक कॉन्फिगरेशन (त्याच फायलीतले पर्यायी रूप) असते, त्यात निवडलेले फेस (पृष्ठभाग) आणि बॉडी वापरता येतात आणि बाकीचे केवळ दिसण्यापुरते राहते. आपल्याच विभागात, आपल्याच सर्व्हरवर काम करताना ते उत्तम, पण तो सुटा पार्ट नसतो. डीफीचरने वेगळा, सुटा पार्ट मिळतो. २०१९ च्या आवृत्तीपासून डीफीचरमध्ये पार्टचे गट करून प्रत्येक गटाऐवजी पेटी, दंडगोल किंवा बाह्याकृती बसवण्याची पद्धतही आली आहे आणि लेआउटसाठी ती मला सर्वांत समाधानकारक वाटते. लेआउट आणि ग्राहक यांच्यासाठी डीफीचर घ्यावे. दैनंदिन कामासाठी स्पीडपॅक.

प्रश्न : आमच्याकडे हलक्या प्रती रात्री नव्याने तयार होतात, परंतु सकाळी लेआउट उघडला की त्यातील कन्स्ट्रेंट (पार्ट एकमेकांना जुळवून ठेवणाऱ्या अटी) तुटलेले असतात आणि यंत्रे भलतीकडे सरकलेली असतात. यामुळे स्वयंचलित पद्धत बंद करावी अशी मागणी होत आहे. — छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ही मागणी मान्य करू नका, कारण दोष स्वयंचलनाचा नाही. आपण लेआउटमध्ये यंत्र बसवताना त्याच्या बेस प्लेटचा फेस आणि फ्लोअरचा फेस जुळवला असणार. कॅड सॉफ्टवेअर प्रत्येक फेसला आतून एक ओळख देते आणि कन्स्ट्रेंट त्या ओळखीवर टिकून असतो. रात्री प्रोग्रामने जुनी फाइल पुसून त्याच नावाने नवी तयार केली, तर दिसायला तोच असलेला फेस वेगळी ओळख घेऊन येतो आणि कन्स्ट्रेंटला आपला आधार सापडत नाही.

यावर दोन इलाज आहेत आणि दोन्ही करावेत. लेआउटमध्ये यंत्र फेसवरून न बसवता त्याच्या मूळ प्रतलांवरून किंवा एका ठरलेल्या कोऑर्डिनेट सिस्टीमवरून बसवावे, कारण ती मॉडेलच्या भूमितीवर अवलंबून नसतात. त्यासाठी प्रत्येक यंत्राचा मूळबिंदू कुठे असावा हे विभागात एकदा ठरवावे लागेल. बेस प्लेटच्या तळाशी, यंत्राच्या मध्यरेषेवर, ही जागा सोयीची पडते. दुसरा इलाज म्हणजे हलकी प्रत दररोज शून्यातून करण्याऐवजी पहिल्यांदा मूळ असेंब्लीशी जोडलेली ठेवून तयार करावी आणि रात्री फक्त अपडेट करावी. अपडेटमध्ये न बदललेल्या फेसची ओळख पुष्कळशी टिकते.

याच्याशी लगतचा एक मुद्दा : रात्री कोणी लेआउट उघडा ठेवून गेला असेल, तर हलक्या प्रतीवर लिहिता येत नाही. नवी प्रत आधी वेगळ्या फोल्डरमध्ये तयार करावी, तपासणीत उत्तीर्ण झाली की मगच जुन्या फायलीच्या जागी ठेवावी, आणि जागा मोकळी नसेल तर जुनी तशीच राहू देऊन नोंद करावी.

प्रश्न : हलक्या मॉडेलवरून आम्ही यंत्र उचलण्यासाठी वजन आणि गुरुत्वमध्य घेतला. यंत्राचे प्रत्यक्ष वजन बरेच वेगळे निघाले आणि उचलताना ते एका बाजूला कलले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. असे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे? — नाशिक

उत्तर : आपण हे मोकळेपणाने कळवलेत, याबद्दल आभार. हा प्रश्न सर्वांनी लक्षपूर्वक वाचावा असा आहे.

हलक्या मॉडेलचे वजन हे यंत्राचे वजन नसते. आतली मोटर आणि गिअरबॉक्स काढले की वजन घटते; आतली पोकळी भरून सगळे मिळून एकच सॉलिड केले की ते वाढते; आणि पोलाद, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक यांचे पार्ट एकाच पार्टमध्ये विलीन झाले की सगळ्यांना एकच घनता लागते. हे तिन्ही बदल एकाच वेळी होतात आणि आलेला आकडा योगायोगाने खऱ्याच्या जवळपास दिसला, तरी गुरुत्वमध्य सरकलेला असू शकतो. पत्र्याच्या झाकणाआड एका टोकाला जड स्पिंडल हेड असलेल्या यंत्रात तर तो सरकणारच.

म्हणून रात्रीच्या प्रोग्राममध्येच ही पायरी घालावी : मूळ असेंब्ली पूर्ण उघडलेली असताना तिचे वजन आणि गुरुत्वमध्याचे तीन निर्देशांक वाचून घ्यावेत आणि हलक्या पार्टमध्ये ते हाताने दिलेली मूल्ये म्हणून लिहावेत. वजन असे बाहेरून देण्याची सोय इन्व्हेंटर आणि सॉलिडवर्क्स दोन्हींत आहे. सॉलिडवर्क्समध्ये गुरुत्वमध्यही देता येतो. ज्या ठिकाणी ती सोय नसेल तिथे गुरुत्वमध्याच्या जागी एक वर्क पॉइंट ठेवावा आणि निर्देशांक पार्टच्या गुणधर्मांत लिहावेत. मूळ असेंब्लीतल्या बॉट-आउट पार्टांना खरी वजने दिलेली आहेत का, हेही पाहावे, कारण पुरवठादाराच्या संकेतस्थळावरून उतरवलेली मोटर पुष्कळदा आतून पूर्ण भरीव किंवा पूर्ण पोकळ असते. आणि एवढे केल्यावरही उचलण्याचा आराखडा मूळ मॉडेलवरूनच करावा.

सकाळच्या तपासणीसाठी आणखी दोन मोजमापे प्रोग्रामने लिहून ठेवावीत. मूळ आणि हलक्या मॉडेलच्या बाह्य पेटीची लांबी-रुंदी-उंची शेजारी शेजारी लिहावी. त्यांत काही मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर बाहेर आलेला एखादा पार्ट, म्हणजे हँडल, सिग्नल टॉवर किंवा कन्ड्युट, निघून गेला आहे असे समजावे. काही सॉफ्टवेअर ही पेटी थोडी सैल मोजतात, तेव्हा फरकाची मर्यादा एक-दोन यंत्रांवर स्वतः पाहून ठरवावी. दुसरे म्हणजे पायाच्या छिद्रांची संख्या. आठ हवीत आणि सहाच उरली, तर ती प्रत लेआउटमध्ये जाता कामा नये, कारण फाउंडेशनचे ड्रॉइंग त्याच मॉडेलवरून निघते आणि चूक काँक्रीटमध्ये जाते.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत यंत्रे बनवून परदेशी पाठवतो. ग्राहक स्टेप फाइल (निरनिराळ्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल) मागतो. आतले पार्ट लपवून आम्ही ती देतो. हे सुरक्षित आहे का, आणि तेही आपोआप करता येईल का?

उत्तर : लपवणे म्हणजे काढणे नव्हे. मूळ स्वरूपातील फाइल दिली तर लपवलेला पार्ट एका क्लिकवर दिसतो, आणि स्टेपमध्ये रूपांतर करताना लपवलेले पार्ट वगळले जातील की नाही हे सेटिंगवर अवलंबून असते. खात्रीचा मार्ग असा की आधी आतले पार्ट काढून, पोकळ्या भरून, सगळे मिळून एकच सॉलिड करावे, मूळ असेंब्लीशी असलेला दुवा तोडावा आणि मग त्या सुट्या पार्टची स्टेप फाइल काढावी. नंतर ती फाइल स्वतः उघडून मधून सेक्शन (काप) घेऊन पाहावे. आत भरीव भाग दिसला तर ठीक. गिअरचे दात दिसले तर पुन्हा सुरुवात.

भूमितीइतकेच लक्ष मजकुराकडे द्यावे. स्टेप ही मजकुराची फाइल आहे आणि नोटपॅडमध्येही उघडते. तिच्या मथळ्यात फायलीचे मूळ नाव, करणाऱ्याचे नाव आणि संस्थेचे नाव यांसाठी जागा असते. पुढे पार्टची नावेही येतात. दुसऱ्या ग्राहकाच्या प्रकल्पाचा क्रमांक त्यात राहून गेला, तर ते अवघड होते.

काढणे, भरणे, दुवा तोडणे आणि रूपांतर करणे हे सगळे रात्री आपोआप होऊ द्यावे. ईमेल मात्र आपोआप जाऊ देऊ नये. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फायलीवर एका जबाबदार माणसाने सेक्शन पाहून सही करावी, इतके हे काम नाजूक आहे.

प्रश्न : आमचे पिंपरीत लहान कार्यालय आहे, कॅडचे दोनच परवाने आहेत. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, म्हणून बुधवारी रात्रीपासून गुरुवारभर ही फेरी चालवावी असा विचार आहे. परवान्याचा खर्च टाळून हे काम मोफत सॉफ्टवेअरमध्ये करता येईल का?

उत्तर : गुरुवार टाळावा असे सुचवतो. आपल्या भागात महावितरणची देखभालीची कामेही गुरुवारीच काढली जातात, हे आपल्याला ठाऊक असेलच. यूपीएस काही मिनिटे तग धरतो; मोठ्या असेंब्लीची फेरी तेवढ्यात संपत नाही आणि लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल खराब होण्याची भीती असते. दररोज रात्री बदललेलीच यंत्रे घेतली, तर इतकी लांब फेरी लागणारही नाही. बुधवारची फेरी पहाटेपूर्वी संपेल अशी लावावी.

फेरी चालू असताना एक परवाना अडकतो, हे खरे आहे. रात्री तो मोकळाच असतो. फक्त संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणाऱ्याशी गाठ पडू नये म्हणून सुरुवात मध्यरात्रीनंतर ठेवावी, आणि परवाना मिळाला नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करण्याची सूचना प्रोग्रामला द्यावी.

मोफत मार्ग काही अंशी आहे. फ्रीकॅड, ज्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, पडद्याविना आणि पायथन प्रोग्रामने चालवता येते, त्यामुळे चाकणच्या भगिनींना आलेली पडद्याची अडचण तिथे येत नाही. त्यात फेस निवडून छिद्रे आणि फिलेट (गोलावलेल्या कडा) काढण्याचे डीफीचरिंगही आहे. मात्र सॉलिडवर्क्स किंवा इन्व्हेंटरच्या मूळ असेंब्ली ते तशाच वाचत नाही. आधी स्टेप करून द्यावी लागते आणि त्या पायरीला आपला परवाना लागतोच. शिवाय स्टेपमधून गेल्यावर ‘राखा’ आणि ‘काढा’ यांसारखे आपले रकाने सोबत येतील याची खात्री धरता येत नाही, म्हणून पार्ट गाळण्याचे काम मूळ सॉफ्टवेअरमध्ये उरकून, छिद्रे बुजवणे आणि मोजमापे पडताळणे एवढेच फ्रीकॅडकडे सोपवावे. दोन परवान्यांच्या कार्यालयात एवढ्यानेही परवाना रात्री लवकर मोकळा होईल.